हळदीखालचा पिवळेपणा

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. लिहिण्यात चुका असतील, त्या वाचणाऱ्यानं पोटात घालाव्यात. खोटं मात्र एक अक्षर नाही. ही वही मला दवाखान्यातल्या सिस्टरबाईंनी दिली. म्हणाल्या, "मारुतीबाबा, तुमच्यासारखी माणसं अजून येणार आहेत. तुम्हांला काय झालं, कसं झालं, ते लिहून ठेवा. आमचं लोक ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "माझं माझ्या बायकोनं ऐकलं न्हाई."

त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

आजार रक्ताचा आहे. त्याचं इंग्रजी नाव मला सांगता येत नाही, आणि सांगून तुमचा फायदाही नाही. तुमची जीभ सोलल्यासारखी लाल झाली असेल, चार पावलं चाललात की दम लागत असेल आणि लोक म्हणत असतील की वय झालं, तर हे वाचा. आणि तुम्ही स्वतः धडधाकट असाल, पण घरातल्या आजारी माणसाला औषध पाजणारे असाल, तर तुम्ही आधी वाचा.

वखार

आमचं मूळ गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात. लग्नानंतर दोन वर्षांनी मी आणि हौसा सांगलीला आलो, हळदीच्या वखारीत लागलो आणि तिथंच म्हातारे झालो. हळद शेतातून निघाली की शिजवायची, उन्हात वाळवायची, घासून चकचकीत करायची, मग निवडायची. निवडायचं काम बायकांचं. मधला जाड गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटं, म्हणजे हळकुंडं, वेगळी. माझं काम पेवाचं. पेव म्हणजे नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेली विहीरच, पण कोरडी. तिच्यात हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही. पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर आतली हवा मारणारी, थांबायचं.

तीस-पस्तीस वर्षं हळदीत काढल्यावर माणसाला स्वतःचा रंग राहत नाही. हात पिवळे, नखं पिवळी, घाम पुसला तर धोतराचा सोगा पिवळा. नवी बाई कामाला आली की आम्ही म्हणायचो, आठ दिवस थांब, तूही आमच्यातली होशील.

ह्या पिवळेपणानं आमचा घात केला. हौसा पिवळी पडत होती तेव्हा कुणाला दिसलं नाही. सगळ्याच पिवळ्या, त्यात ती एक. दुसऱ्या कुठल्याही धंद्यात असती तर कुणीतरी म्हटलं असतं, बाई, तुझा रंग का उतरलाय? आमच्यात कुणी म्हटलं नाही. मी तर नाहीच. निवडायला बसली की तिला दम लागायचा. मी म्हणालो, "बसून काम हाय, तरी धापा टाकतीस? आळस भरलाय अंगात." हे माझे शब्द. ती म्हणाली, "आसंल." एवढंच.

लढाई चालू होती तेव्हा हौसा गेली. स्वराज्य आल्यावर दुसऱ्या वर्षी माझी पाळी आली.

जीभ

हौसा गेल्यावर घरात मी एकटा. मुलगी गोदा लग्न होऊन कराडला. ती म्हणायची, आबा, माझ्याकडं या. लेकीच्या दारात कुठं पडून राहायचं? मीच भाकरी थापायचो, जाडजूड, कडा करपलेल्या. भाकरी, ठेचा, चहा. रोज तेच. भाजी निवडायला बसलं की हौसाचे हात डोळ्यांपुढं यायचे, म्हणून भाजी आणणंच सोडलं.

मटणही सोडलं होतं. आमचा थोरला मुलगा तापानं गेला तेव्हा हौसानं तुळशीची माळ घातली होती. त्या दिवसापासून तिनं मटण-मासळीला हात लावला नाही. मला मात्र करून वाढायची, नाकाला पदर लावून. ती गेली तेव्हा तिच्या गळ्यातली माळ मी काढून माझ्या गळ्यात घातली. का घातली ते पुढं येईल.

आधी ठेचा झोंबायला लागला. जन्मभर खाल्लेला ठेचा! मग नुसती भाकरीही झोंबायला लागली. आरशाच्या तुकड्यात जीभ बघितली तर लालभडक आणि गुळगुळीत. मला त्याच दिवशी कळलं. हौसाची जीभ अशीच होती.

मी कुणाला बोललो नाही. वखारीत थट्टा चालायची. "मारुतीदादा, लय पिवळं दिसताय. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढताय का काय?" मीही हसायचो. हळदीखाली काय लपतं ते मला ठाऊक झालं होतं. हौसाच्या वेळी ती सगळ्यांची चूक होती. माझ्या वेळी मी मुद्दाम लपलो. मला वाटायचं, जे तिला झालं ते मला होतंय, होऊ दे. हिशेब बरोबर आहे.

शिमग्याच्या सुमाराला एक पेव उघडलं. कंदील सोडला, नीट जळत होता. मी उतरलो. पोत्याला हात घालायला वाकलो आणि डोळ्यांपुढं काळोख. वरचे ओरडले, "दादा, हवा वाईट हाय का?" हवा चांगली होती. वाईट मी होतो. कमरेला दोर बांधून मला गाठोड्यासारखं वर ओढलं आणि बैलगाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं.

साबण

डॉक्टरांनी हात हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "काम काय करता?"

"हळदीत हाय."

ते सिस्टरबाईंना म्हणाले, "धुवा ह्यांना."

सिस्टरबाईंनी कोमट पाणी आणलं, साबण आणला आणि काथ्यानं माझा हात घासला. पाणी पिवळं झालं. ते ओतून दुसरं आणलं. तेही पिवळं. तिसरं. चौथं पाणी पांढरं राहिलं. मग त्यांनी माझा हात डॉक्टरांच्या हाताशेजारी धरला. माझा मेणासारखा पिवळा होता.

"हळद निघाली," डॉक्टर म्हणाले, "रंग निघाला नाही."

त्यांनी माझी खालची पापणी ओढली आणि पेवात कंदील सोडून बघावं तसं वाकून आत बघितलं. मग बोट हळूच काढून घेतलं. आमच्यात कंदील विझला की वरचा माणूसही अशीच हळूच दोरी वर घेतो.

"घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"न्हाई."

"बायको?"

"गेली."

"कशानं?"

"म्हातारपणानं."

हौसा पन्नाशीचीसुद्धा नव्हती. डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी मी असा खोटं बोललो. आजारी माणूस पहिल्यांदा डॉक्टरलाच फसवतो, हे तुम्हीही केलं असेल.

दवाखान्यातले दिवस सांगण्यासारखे नाहीत. उजाडलं की काखेत ताप बघायची नळी, मग बोटाला टोचणी. रोज एक बोट. दहा संपली की परत पहिलं. दुपारी पेज. मला पेजेची चव लागायची नाही, नुसतं गरम कळायचं. शेजारच्या खाटेवरचा माणूस दिवसभर कण्हायचा आणि मी दम वाचवायला गप्प पडायचो. सिस्टरबाई जिभेला ग्लिसरीन लावायच्या आणि म्हणायच्या, "गोड आहे ना?" त्या दिवसांत गोड म्हणून तेवढंच.

भीती मला मरणाची नव्हती. भीती ही, की वर गेल्यावर हौसा भेटली तर तिला तोंड कसं दाखवायचं.

दुर्बीण

चौथ्या-पाचव्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "माझं रगात गेलं कुठं? सांडलं तर न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. मला खुर्चीत बसवून आतल्या खोलीत नेलं. तिथं उभी दुर्बीण होती, बारीक वस्तू मोठी दाखवणारी. त्यांनी आधी स्वतःचं बोट टोचलं आणि त्यांचं रक्त काचेवर दाखवलं. जोंधळे पसरावेत तसे दाणेच दाणे, सगळे एकसारखे. मग माझं दाखवलं. मोजके दाणे इकडं-तिकडं पडलेले, आणि त्यातले बरेच फुगलेले, बेढब.

"हे मोठं हाय की," मी म्हणालो, "मोठं म्हंजे चांगलं न्हाई का?"

"नाही. रक्त हाडांच्या आत तयार होतं. एका दाण्याचे दोन होतात, दोनाचे चार. अशा प्रत्येक जिवंत दाण्याच्या पोटात एक गाभा असतो आणि त्या गाभ्यात एक आम्ल असतं. न्यूक्लिक ॲसिड म्हणतात. माणसात, बकऱ्यात, झाडात, सगळीकडं. दाणा दुभंगायच्या आधी ते आम्ल दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे दोन्ही भागांना सारखा वाटा मिळतो. ते बनवायला जो एक पदार्थ लागतो, तो तुमच्या अंगात संपलाय. मग दाणा नुसता फुगत राहतो. दुभंगत नाही. तसाच मरतो."

मी विचार केला. "म्हंजे गड्डा वाढतोय, पर हळकुंड फुटत न्हाई."

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "मारुतीबाबा, मला एवढं सोपं सांगता आलं नसतं."

"कसं दिसतंय ते आम्ल?"

"मी शिकत होतो तेव्हा आमच्या मास्तरांनी वासराच्या गळ्यातल्या गाठीतून काढून दाखवलं होतं. काचेच्या काडीला गुंडाळून वर आलं, पांढऱ्या सुतासारखं. लांबच लांब धागे."

"आनि करतंय काय?"

"आम्हांला तेव्हा सांगितलं होतं, ते नुसतं भरताड आहे. आता काही लोक म्हणतात, आईबापाचं पोरात जे उतरतं ते त्याच धाग्यातून उतरतं. खरं काय ते अजून ठरायचंय."

मी खाटेवर येऊन पडलो. एवढी वर्षं ज्या हाडांच्या जोरावर पोती उचलली, ती आतून माझ्याशी अशी वागत होती. वरून माणूस चालतोय, बोलतोय, आणि आत धागा तुटलेला. मला हाडांचाही राग आला. मग गोदा आठवली. गोदाचं नाक, हनुवटी, चिडल्यावर ओठ दुमडणं, सगळं हौसाचं. डॉक्टर म्हणतात ते खरं असेल तर हौसाचा धागा अजून कराडात चालतोय-बोलतोय. ह्या विचारानं बरंही वाटलं आणि जीवही जळला.

संध्याकाळी डॉक्टर परत आले. "नवं औषध निघालंय, पिवळ्या गोळ्या. मुंबईला लिहिलंय. यायला दिवस लागतील आणि तुमच्याकडं तेवढे दिवस दिसत नाहीत. तोवर रोज बकऱ्याची कलेजी खायची, अर्धवट शिजवलेली. तिच्यात तो पदार्थ असतो."

"मी खानार न्हाई."

त्यांनी माळेकडं बघितलं. "ह्याच्यामुळं?"

"व्हय."

हे दुसरं खोटं.

गोदा

डॉक्टरांनी गोदाला बोलावून घेतलं. ती आली ती उभ्या उभ्याच भांडायला लागली.

"आबा, काढा ती माळ. आईची हाय, मी सांभाळीन. तुमी कलेजी खावा."

"न्हाई."

"न्हाई म्हंजे? मरायचं हाय का?"

"मरायचंच हाय."

"आन् माझं काय? मला म्हायेर नगं?" तिचे ओठ दुमडले, हुबेहूब आईसारखे. "आईचं कुनी बघितलं न्हाई म्हनून ती गेली. तुमचं समदी बघत्यात, तर तुमी ह्यो हट्ट धरलाय."

ते मला लागलं. "कुनी बघितलं न्हाई? तुज्या आईला कलेजी पाजली हुती मी! जगली का?"

गोदा खालीच बसली. "आईला? माळकरनीला?"

चार वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते असं तोंडातून निसटलं. मग सगळं सांगितलं. तुम्हांलाही सांगतो.

फुलपात्र

हौसा निवडता निवडता हळदीच्या ढिगावर आडवी झाली, तेव्हा कुठं आम्हांला कळलं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही पापणी बघितली, जीभ बघितली. मला बाहेर घेऊन म्हणाले, "परदेशातून खमिराचा एक काळा रस येतो, त्यानं बरं वाटतं. पण लढाईनं जहाजं बंद. कलेजी दे. दुसरं माझ्याजवळ काही नाही." ती माळकरी आहे हे मी त्यांना बोललो नाही. बोललो असतो तर ते म्हणाले असते, तिला विचार. आणि मी विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

बाजारात बाबालाल मुलाणी माझा जुना मित्र, बकरी कापायचा. त्याला सांगितलं. तो रोज सकाळी ताजी कलेजी पानात गुंडाळून ठेवायचा. मी ती वाफवायचो, वाटायचो, गाळायचो. त्यात आलं, कोकम, गूळ, मिरी. पितळी फुलपात्रात ओतून हौसापुढं धरायचो. "झाडपाल्याचा काढा हाय, डोंगरातनं मागवलाय."

ती नाक दाबून प्यायची. मी तोंड फिरवायचो. माझ्या हातानं मी तिला बाटवत होतो, हे मला कळत होतं. पण आठव्या दिवशी तिला भूक लागली. दहाव्या दिवशी उठून चूल पेटवली. अकराव्या दिवशी ओठांना रंग आला, खरा रंग, हळदीचा नव्हे. बाराव्या दिवशी काठी न घेता बाजारात जाऊन आली. मी मनात म्हणालो, देवा, पाप माझ्या माथी, बाई जगू दे.

तिथून पुढं ती उतरत गेली. काढा रोज द्यायचो. ती म्हणायची, "ठिवा तितं, निवला की घेती." मी कामाला जायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर फुलपात्र घासून, धुऊन, पालथं घातलेलं. म्हणजे प्यायली, असं मी समजायचो. तरी ती परत पिवळी पडली. परत दम, परत जीभ. सहा महिने मी कलेजी वाटली. सहा महिन्यांनी गेली.

मला वाटलं, देवानं माझं ऐकलं नाही. माळेला बाट लावला म्हणून औषधाचा गुण उडाला. तिची माळ मी गळ्यात घातली ती भक्तीनं नव्हे. शिक्षा म्हणून घातली. आणि कलेजीला नको म्हणत होतो ते दोन कारणांनी. एक, कलेजीनं माझी बायको वाचली नाही. दुसरं, ती खाऊन मी वाचलो तर मी निव्वळ चोर ठरेन.

गोदा रडली नाही. पदर झटकून उठली. मग म्हणाली, "आबा, आईला इचारायचं हुतं."

डबा

दुसऱ्या दिवशी बाबालाल आला. गोदानंच निरोप धाडला होता. आता त्याची दाढी पांढरी, गुडघे गेलेले. हातात डबा.

"मारुतीदादा, आवं हे काय मांडलंय? पोरगी रडती तिकडं. माझ्या घरनीनं केलीया, नुसता मीठ-मसाला. घ्या चार घास. वैनीला लागू पडली, तुमास्नी बी पडंल."

"कुटं लागू पडली, बाबालाल? अकरा दिसांत बरं वाटलं. म्होरं सहा म्हैनं पाजली, तरी मेली."

बाबालालनं डबा खाली ठेवला. टोपी काढली, परत घातली. गोदा दारात उभी होती, तिच्याकडं बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "वैनीनं अकराच दिस घेतली."

मला आधी कळलंच नाही.

"बाराव्या दिशी बाजारात आल्या. काठीबिगर. मला लय आनंद झाला, म्या म्हनलं, वैनी, कलेजी मानवली बगा! त्यांनी इचारलं, कसली कलेजी? तवा मला कळलं, तुमी सांगितलं न्हवतं. मला काय ठावं? तुमी मला तरी सांगायचं हुतं, गड्या."

"आनि तू मला सांगितलं न्हाईस."

"त्यांनी इमानावर घेतलं. म्हनल्या, भाऊ, ह्यांना कळू देऊ नका. त्येंनी जीव लावून केलंय. मला कळलंय म्हनून समजलं तर तोंड दावायचे न्हाईत मला. चालू द्या तसंच. म्या म्हनलं, वैनी, मग घेत जावा की, औषीद हाय. तर म्हनल्या, न कळता झालं ते देवाला ठावं. आता कळून कसं घिऊ?"

"मग तो काढा?"

बाबालाल खाली बघून म्हणाला, "परड्यात. आळवात."

आमच्या घरामागं सांडपाण्यावर अळूचं आळं होतं. त्या वर्षी अळू माझ्या छातीएवढा आला होता. पानं अशी, की शेजारणी बघायला यायच्या. हौसा त्याची भाजी करायची, आणि मला वाढायची. स्वतः घ्यायची नाही. म्हणायची, "मला घसा खाजतो." मी म्हणायचो, "बेस झालीया, आनिक वाढ." ती वाढायची.

मी तिला फसवलं अकरा दिवस. तिनं मला फसवलं सहा महिने. रोज सकाळी माझ्या हातून फुलपात्र घ्यायची, माझ्याकडं बघायची, आणि काही म्हणायची नाही. मी चूल फुंकत डोळे लाल करून घ्यायचो आणि ती बघत बसायची. एकदा तरी म्हणायचं! शिव्या द्यायच्या, फुलपात्र फेकून मारायचं. मी दुसरं काही शोधलं असतं. सातारा पालथा घातला असता, मुंबईला गेलो असतो. तिनं मला तेवढंही करू दिलं नाही. वर चार वर्षं मला वाटू दिलं की मी तिला शेवटच्या श्वासापर्यंत बाटवलं. आणि हा बाबालाल, चार वर्षं माझ्याशेजारी बसून चहा प्यायला.

"जा," मी त्याला म्हणालो.

तो उठला. गुडघे वाजले. दारापर्यंत गेला.

"डबा ठिवून जा."

तो तसाच वळला. मी गळ्यातली माळ काढली आणि गोदाच्या हातात दिली. "घे. तुज्या आईनं कळून कवाच मोडली न्हाई. चोख हाय." मग डबा उघडला आणि कलेजी खाल्ली. पुण्य म्हणून नाही, जगायची हौस म्हणून नाही, लेकीसाठीही नाही. रागानं खाल्ली. एकेक घास हौसाला दाखवून खाल्ला. हे बघ, हे असं खायचं होतं. जीभ सोलत होती, डोळ्यांतून पाणी चाललं होतं. बाबालाल दारातच खाली बसून रडायला लागला. मी त्याला उगी म्हटलं नाही.

त्या दिवसापासून तो रोज डबा घेऊन आला. मी त्याच्याशी बोलायचो नाही. तो डबा ठेवायचा, मी खायचो, तो रिकामा घेऊन जायचा.

आ करा

आठव्या दिवशी मला भूक लागली. मागं ज्या दिवशी हौसाला लागली होती, बरोबर त्याच दिवशी. मला आनंद झाला नाही. म्हणजे औषध खरं होतं.

दोन आठवड्यांनी मुंबईहून गोळ्या आल्या. बारीक, हळदीच्या रंगाच्या. डॉक्टर म्हणाले, "आता कलेजी बंद केली तरी चालेल. ह्यात मांसाचा अंश नाही. ही गोळी माळकऱ्यालाही चालते."

"तवा का न्हवती?"

"तेव्हा नव्हतीच कुठं. कुणाकडंच नव्हती."

"कशात असतंय हे औषीद?"

"पालेभाजीत पहिल्यांदा सापडलं. त्याचं नावच पानावरून ठेवलंय. हिरव्या पानांत भरपूर असतं. फक्त फार शिजवून पाणी पिळून टाकलं की निघून जातं."

आमच्यात अंबाडी, करडई अशीच करतात. उकडायची, पिळायची, पाणी मोरीत. आणि जी भाजी उरते ती आधी पुरुषांना. हौसाच्या वाट्याला जन्मभर ठेचा.

"डॉक्टर, आळवाच्या पानात असतंय?"

"असणारच. का हो?"

म्हणजे माळेला चालणारं औषध हौसाच्या परड्यातच होतं, आणि ते ती मला वाढत होती. डॉक्टरांना हौसाचं नंतर सांगितलं, माझी दोन्ही खोटी कबूल केली. ते म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर मला कोडं पडलं असतं." एवढा मोठा माणूस. त्यांनी तसं कबूल केलं, हे मला आवडलं.

आता माझा हात धुतला की माणसाच्या हातासारखा दिसतो. डॉक्टर म्हणतात, चार दिवसांत घरी जा. गोदा म्हणते, कराडला चला. बाबालाल म्हणत काही नाही. काल मात्र डबा नव्हता तरी आला आणि खाटेशेजारी बसला.  मी विचारलं, "परड्यात आळू हाय का रं आजून?" तो म्हणाला, "हाय. म्या पानी घालतो." मी म्हणालो, "घाल."

मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरलाय. हौसाचा मला राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. ती असती तर भांडून मिटवला असता. आता तो मला एकट्यालाच बाळगायचा आहे. तुम्हांला एवढंच सांगतो, तुमच्या माणसाचा जीव वाचवायचा असेल तर त्याला सांगून वाचवा. तो नाही म्हणाला तर भांडा, रडा, पाया पडा. पण फुलपात्रात काय आहे ते त्याला कळू द्या. आणि तुम्ही आजारी असाल आणि तुमच्या माणसानं तुम्हांला फसवलंय हे कळलं, तर तोंडावर सांगा. गप्प राहून त्याच्यावर दया करू नका. त्या दयेखाली माणूस चिरडतो.

इथं रोज सकाळी सिस्टरबाई गोळी देतात आणि समोर उभ्या राहतात. लोक लपवून थुंकतात म्हणून हा नियम. म्हणतात, "मारुतीबाबा, आ करा." बाकीच्यांना ह्याचा राग येतो. मला येत नाही. मी गोळी गिळतो आणि तोंड मोठं उघडून त्यांना सगळं दाखवतो, जीभ वर करून, गालाच्या आतलं, सगळं.

एवढं आम्ही दोघांनी घरात केलं असतं, तर ती आज असती.